पलंगाएवढी जागा

वृद्धाश्रमाच्या मोजणीचं काम तिनं मागून घेतलं, ते आईपायी. नकाशे काढणं हा तिचा धंदा. महिन्यापूर्वी तिनं आईला ज्या व्हिक्टोरियन इमारतीत ठेवलं, तीच नेमकी दुरुस्तीला निघालेली. टोकदार कमानी, रंगीत काचा, पावलागणिक कुरकुरणारे लाकडी जिने. मोजता मोजता आईपाशी बसणंही होईल, असा तिचा हिशेब.

जुन्या भिंतीची जाडी काढायची रीत सोपी असते. बाहेरची लांबी मोजायची, आतल्या खोल्या वजा करायच्या, उरेल ती भिंत. दुपारभर गणित चोख जुळलं. घोडं अडलं ते आईच्या खोलीपाशी. ती खोली आणि शेजारची अडगळीची खोली यांच्यामध्ये एक पलंग मावेल एवढी जागा उरत होती. दार नाही, खिडकी नाही. तिनं पुन्हा टेप लावली. तेवढीच.

"जुनं बांधकाम, बाई. भिंती जाडच असायच्या," मेट्रन दारातूनच म्हणाल्या. आत मात्र आल्या नाहीत.

आई भिंतीला कान लावून हसत होती.

"काय ऐकतेस गं?"

"शेजारीण आहे. बोलते छान... पण फार अडचणीत राहते बिचारी. मी म्हटलं, माझी लेक मला घरी नेईल. तर म्हणाली... मलाही ने."

आईला इथं ठेवलं हेच चुकलं, असं वाटून तिला रडू फुटलं. तिनं उभ्या उभ्या सामान बांधलं. आई गाडीत बसली, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

नकाशा अडून राहायला नको म्हणून दुसऱ्या दिवशी ती एकटीच परत गेली. टेप लावली. मधली भिंत जेमतेम हातभर जाड निघाली. गणित चोख. कालच्याएवढी मोठी चूक तिच्या हातून आजवर झाली नव्हती.

ती तडक घरी आली. आई आपल्या पलंगावर शांत बसली होती. तिची शाल ठेवायला लेकीनं समोरचं कपाट उघडलं. इतकी वर्षं सताड उघडणारं दार अर्ध्यावरच पलंगाला अडलं.

"आई... पलंग कुणी सरकवला?"

"भिंतीनंच," आई हळूच म्हणाली. "रागावू नकोस गं... तिलाही पाठ टेकायला जागा हवीच ना."