दाराच्या आतली दांडी

ज्याला खोटं वाटेल त्यानं खुशाल वाचू नये. मला कुणाच्या लाइकची भूक नाही.

हे माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलंय. संताजीराव. म्हैसूरला, बेळगोळच्या औद्योगिक वसाहतीत त्यांची डेंटिंग-पेंटिंगची शेड आहे. तारीख बारा जानेवारी, याच वर्षीची. रात्र नव्हती. सकाळचे साडेसात... आणि धुकं.

शेडमध्ये एकच गाडी होती. त्यांच्या मुलीची. मधुमिताची.

गेल्या हिवाळ्यात नंजनगूडला कामावर जाताना ती गाडीसकट कालव्यात गेली. गाडी डाव्या कुशीवर पडली. बटणाच्या काचा, त्या पाण्यात बंद पडल्या. काठावर चाळीस माणसं उभी होती आणि चाळीस मोबाइल. हरामखोर शूटिंग करत होते. शेवटी एकानं उडी मारली. ड्रायव्हरचं दार बाहेरून ओढलं... झटकन उघडलं.

"लगेच शुद्ध गेली असणार," सगळे म्हणाले. "नाहीतर दार उघडलं नसतं का तिनं?"

मामा वर्षभर या एका वाक्यावर जगले. पोरीला काही कळलं नाही.

तुंगामामी म्हणायची, "साकु री, पुरे झालं. भंगारात घाला ती गाडी."

"माझ्या मधूची गाडी आहे. नवी करून दारात उभी करतो."

थंडीत रंगाचं काम म्हणजे डोक्याला ताप. दमट हवेत रंग मारला तर पांढरा पडतो. ऊन चढेपर्यंत थांबावं लागतं. तोवर मामा डोळे मिटून पत्र्यावर तळहात फिरवतात. डोळ्याला न दिसणारा पोचा हाताला कळतो.

त्या सकाळी हात ड्रायव्हरच्या दारावर थांबला...

टेंगूळ.

पोचा नव्हे. पत्रा बाहेर आलेला.

"प्राणेश, हे काल सपाट केलं होतं ना रे?"

"मीच घासलं की, अण्णा." पेंटर प्राणेश चहा घेऊन आला. "आरसा केला होता आरसा! तुमचा हात म्हातारा झाला."

मामांनी ठोकून बसवलं.

दुसऱ्या सकाळी दोन.

तिसऱ्या सकाळी पाच. प्राणेशची थट्टा बंद झाली.

आतून लाथ मारली तरी बाहेरचा पत्रा असा फुगत नाही. मध्ये कव्हर असतं, चौकट असते. चाळीस वर्षं पत्रा ठोकणाऱ्याला हे कुणी शिकवायला नको.

मामांनी दाराला कान लावला...

टक्.

आतलं हँडल कुणीतरी ओढलं होतं.

टक्. टक्. टक्.

गाडीत कुणी नव्हतं. सीट ओली होती.

मामांनी दाराचं आतलं कव्हर उचकटलं. हँडलपासून लॉकपर्यंत जाणारी दांडी सुटी लोंबत होती. तिची क्लिप खाली पडलेली. तुटलेली नव्हती. हातानं काढलेली होती.

कुणाच्या हातानं?

अपघाताच्या आठ दिवस आधी याच दाराचा पोचा मामांनी काढला होता. हातोडी आत जावी म्हणून दांडी सोडवली होती. अशीच थंडी. रंग वाळेना. मधुमिता डोक्यावर उभी. "अप्पा, बेगा! लवकर करा ना!" मामांनी घाईत कव्हर दाबून बसवलं. दार बाहेरून उघडून पाहिलं.

आतून पाहिलं नाही.

म्हणजे ती शुद्धीवर होती. शेवटपर्यंत.

मामा तिथंच जमिनीवर बसले. मग उठून क्लिप लावली.

दुसऱ्या सकाळी दार सताड उघडं होतं. पत्रा सपाट. सीट कोरडी.

"सुटली पोर," प्राणेश हळूच म्हणाला.

मामा त्यानंतर आठ दिवस दाराला कान लावून बसले. काही नाही. पत्रा नुसता गार.

परवा त्यांनी मला शेडवर बोलावलं. हे सगळं सांगितलं. मामीला सांगू नको म्हणाले. मग माझा हात धरून दारावर ठेवला. "डोळे मीट."

तळहाताखाली टेंगूळ होतं... कोमट.

"आली बघ परत," मामा म्हणाले. हसत होते.

मी काचेतून आत पाहिलं. कव्हर काढलेलं. दांडी सुटी. क्लिप मामांच्या शर्टाच्या खिशात.

"मामा, काय केलंत हे? द्या ती इकडे!"

त्यांनी खिशावर हात घट्ट दाबला.

टक्... टक्...

दार बाहेरून एका बोटानं उघडलं असतं. त्या चाळीस जणांना शिव्या घालणारा मी...

नुसता उभा राहिलो.