उंदरांच्या हृदयाचा अंक

"तो अंक मला हवाय."

सुगंधाने दचकून मान वर केली. ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट, पण आजही आठवली की तिचे कान तापतात! धुळ्याच्या मेडिकल कॉलेजच्या वाचनालयात ती नुकतीच नोकरीला लागली होती, आणि परदेशी वैद्यकीय मासिकाचा आलेला अंक डिक्शनरी घेऊन स्वतःच वाचत बसली होती.

समोर साक्रीकडचा सुकदेव, औषधशास्त्रात एम.डी. करणारा. "तुम्ही... हे वाचताय?"

"आमचे आबा फैजपूरला केळीच्या बागेत चार पावलं चालले की छातीवर हात ठेवून थांबतात. यात हृदयाचं काहीतरी दिसलं..."

तो खुर्ची ओढून बसला. वाढीचं हार्मोन जागं करणारी पेप्टाइडं, म्हणजे प्रथिनांचे छोटे तुकडे, उंदरांना आधी काही दिवस दिली, तर पुढे रक्त कमी पडलं तरी त्यांचं हृदय तग धरतं, असं त्याने पुस्तकी मराठीत समजावलं.

"मग आबांना द्या ना!"

"अजून उंदरांपुरतंच आहे. आणि आधी द्यावं लागतं. वेळ गेल्यावर काय उपयोग? आबांना मात्र तपासायला आणा."

आबा आले, गोळ्या सुरू झाल्या, बागेत फिरू लागले. सुकदेव तर रोजच दुपारी येऊ लागला.

"उंदीर बरे आहेत?" ती विचारायची.

"एकाचं हृदय तीन वाजले की धडधडतं."

"औषध द्या."

"ते वाचनालयातच मिळतं—"

ती रजिस्टरमध्ये डोकं खुपसायची. किती गोड दिवस होते ते! पण पुढचा शब्द काही त्याच्या तोंडून फुटेना.

एका शुक्रवारी ती म्हणाली, "रविवारी जामनेरचे लोक मला बघायला येताहेत."

"अच्छा..." म्हणून तो वळला. सुगंधाचे डोळे भरून आले.

"डॉक्टर! वेळ गेल्यावर काय उपयोग, असं कोण म्हणालं होतं?"

तो थांबला. पुस्तकी मराठी कुठल्या कुठे पळाली. "सुगंधा... तू माले भलती आवडस!"

सगळं वाचनालय माना वर करून बघू लागलं.

रविवारी पाहुण्यांच्या आधीच तो फैजपूरला हजर. बोली वेगळी, जात वेगळी. त्याने एका दमात सगळं सांगितलं. आबांचा हात छातीवर गेला. सुकदेवने धावत जाऊन नाडी धरली.

"आबा, दुखतंय?"

"दुखत नाही रे भो," आबा म्हणाले, "जामनेरच्या लोकायले आता काय सांगू, त्याचा इचार करून राह्यलो."