फ्यूज कोंडाजीच्या खिशात होता

पत्रा दाबायची प्रेस बंद होती. तरीही सकाळी दहाला तिनं फिटर कोंडाजीचा उजवा हात पकडला आणि चार बोटं ठेवून घेतली.

१९५८ साली पिंपरीच्या त्या कारखान्यात अपघाताचं नवल नव्हतं. फ्यूज खिशात असताना झालेला मात्र हा पहिलाच. कारखाना निरीक्षक सोपानराव दुपारी पुण्याहून पोचले, तोवर कामगारांनी जागेखाली जुना मसणवटा शोधला होता आणि मॅनेजर नानासाहेबांनी कामगाराचा निष्काळजीपणा.

"वीज नाही, मग प्रेस हलली कशी?"

"त्यानंच हँडल ओढलं," नानासाहेब म्हणाले. "उद्या कामावरून काढतोय."

"वीज नसताना हँडल ओढून काय होतं?"

नानासाहेबांनी फोरमन दौलतरावांकडे पाहिलं. अवघड प्रश्न ते नेहमी तिकडेच पाठवत.

प्रेसला पाण्याचा दाब मिळे तो शेडमागच्या वजनाकडून. वजन म्हणजे भंगार लोखंडानं भरलेली टाकी. पंप तिला पुरुषभर उंच उचली. वर राहिलेल्या तिच्या भारानं नळातलं पाणी दाबलं जाई. दौलतरावांनी सोपानरावांना तिथं नेलं, तेव्हा ती जमिनीला टेकली होती.

"हे कधी उतरवलं?"

"सातला, साहेब. दुरुस्तीआधी उतरवायचा नियमच आहे."

"आणि फ्यूज?"

"तोही सातलाच काढला. पंपाचा, प्रेसचा एकच. कोंडाजीच्या खिशातच होता. दवाखान्यात नेताना काढून घेतला."

शेजारी झाडूवाल्या शालनबाईचा आवाज चढला. "मान्सं दवाखान्यात पळाली नि कुना मेल्यानं माझा पितळी डबा नेला! भाकरीसकट!"

"कुठं ठेवला होता, बाई?"

"हितंच, ह्या वजनाखाली. रोज ठिवते. गार ऱ्हातं, कावळा शिरत न्हाई."

"आज किती वाजता?"

"नवाचा भोंगा झाला तवा."

दौलतरावांनी घाम पुसला. हवा तशी गारच होती.

"फ्यूज बसवा. पंप सुरू करा," सोपानराव म्हणाले.

टाकी वीतभर उचलली गेली. खाली डबा होता. त्याला आता ताटली म्हणणंच योग्य झालं असतं.

"टेकलेल्या टाकीखाली डबा सरकवता येत नाही," सोपानराव म्हणाले. "म्हणजे नऊला वजन वर होतं. सातपासून फ्यूज नाही, तेव्हा ते नंतर चढलेलं नाही. ते उतरवलंच नव्हतं. वीज गेली, दाब राहिला. कोंडाजीनं दाब नाही या भरवशावर हँडल हलवलं. पण एकदा प्रेस हलली तर वजन हातभर उतरतं. पार जमिनीपर्यंत कुणी आणलं? सगळे त्याला उचलत होते, तेव्हा कुणीतरी सातचं काम दहाला उरकलं. दौलतराव, पाणी सोडायच्या झडपेची किल्ली कुणाकडे असते?"

दौलतरावांनी खिशातून किल्ली काढून पुढं धरली.

"माझ्याकडे. वजन परत चढवायला पाऊण तास जातो, साहेब. अकराला मुंबईचे मालक येणार होते. प्रेस चालू दिसली पाहिजे, म्हणाले नानासाहेब."

"नियम मोडा असं मी म्हणालो नव्हतो!"

"नाही. नियमाला वेळ तेवढा ठेवला नाहीत," सोपानराव म्हणाले आणि अहवालात दोघांचीही नावं लिहिली.

संध्याकाळी दवाखान्यात त्यांनी कोंडाजीला सांगितलं, "चूक तुमची नाही. नोकरी जाणार नाही."

कोंडाजी पट्ट्यांकडे पाहत राहिला.

"मी दोनदा विचारलं होतं, साहेब, वजन उतरलंय ना म्हणून. दुसऱ्यांदा दौलतराव हसले. म्हणाले, भितोस काय रे? मग तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली."