सुतकाच्या घरातून निघताना

गोपाळ त्या रात्री घराबाहेर पडला, तो केवळ एक रिकामा डबा आणायला. हे त्याने मला स्वतः सांगितले आहे. आणि मुलांनो, गोपाळ वाढवून सांगणारा मनुष्य नव्हे. कचेरीत लिपिक आहे, जेवढे घडले तेवढेच लिहितो.

बुलढाण्याबाहेर, चिखली रस्त्याला नवे ले-आउट पडले आहे. प्लॉट चौतीस, घरे मात्र अकरा. मधल्या मोकळ्या जागांत गाजरगवत. कोपऱ्यावरच्या घरात गोपाळ, त्याची पत्नी प्रतिमा आणि सहा वर्षांची इरा राहत. चार घरे सोडून उकंडराव आणि सिंधूताई, हे निपुत्रिक वृद्ध जोडपे. गोपाळ उकंडरावांना आबा म्हणे. त्यांचा इरावर फार जीव होता. अंथरुणाला खिळल्यावर ते रोज म्हणत, "गोपाळ, पोरीले एकडाव आन बे." मुलगी घाबरेल, म्हणून गोपाळ रोज टाळत राहिला. गुरुवारी उकंडराव गेले.

ही गोष्ट त्यानंतरच्या शनिवारची. वीस जानेवारी, दोन हजार चोवीस, रात्रीचे पावणेनऊ. सुतकात चूल पेटत नाही, म्हणून प्रतिमाने दुपारी सिंधूताईंकडे पिठले-भाकरी पाठवली होती. त्यांनी डबा घासून ठेवला होता.

"शेवटपावतर दाराकडंच पाहून राह्यले होते, भाऊ," त्या म्हणाल्या. "इरी आली का, इरी आली का..."

गोपाळ खाली मान घालून उठला. सुतकाच्या घरातून निघताना आपण 'येतो' म्हणत नाही. न बोलता चालू लागतो. गोपाळला हे ठाऊक होते. पण जिभेला वळण पडलेले असते. उंबरा ओलांडताना तो बोलून गेला, "येतो, आबा."

सिंधूताईंचा चेहरा उतरला. आणि रिकाम्या ओसरीतून, आबांच्या खाटेच्या बाजूने, उत्तर आले.

"हाव. चाल... मीबी येतो."

गोपाळ फाटकाबाहेर आला. मागे चप्पल घासत कोणी चालत होते. तो थांबला की तेही थांबे. मागे वळून पाहण्याचे धैर्य त्याला झाले नाही. घरी इरा होती. याला घरी न्यायचे नाही, एवढेच त्याला उमगले. तो उलट दिशेला वळला. ले-आउटला त्याने एक फेरी घातली. मग दुसरी.

वाटेतल्या घरच्या कलाबाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

"काऊन हो गोपाळभाऊ, जेवन पचवून राह्यले का? अन् त्या म्हाताऱ्या मानसाले अंधारात कायले दमवता?"

गोपाळने पावले उचलली.

तिसऱ्या फेरीत मागचा आवाज थांबला. गोपाळ उभा राहिला. ऐकत राहिला. काही नाही... काहीच नाही. त्याने श्वास सोडला.

तेवढ्यात फोन वाजला. प्रतिमा.

"बेल कितीखेप वाजवता? माहे हात कनकीत हायेत. इरा उघडून राह्यली दार."

"नको! उघडू नको म्हण तिले!"

"उघडलं तिनं."

तिची पावले दाराकडे जाताना ऐकू आली.

"अहो... तुम्ही दारात आहात ना? मंग फोनवर..."

पुढे काही ऐकू आले नाही.

गोपाळ धावला. दिवे मागे पडत होते. घर जवळ येत नव्हते. त्याने हाका मारल्या.

दार सताड उघडे होते. प्रतिमा आतल्या भिंतीला टेकून उभी; कणकेचे हात पुढे तसेच. पायरीवर इरा. डोके किंचित वर केलेले, कोणी हनुवटी उचलून धरावी तसे. समोर कोणीही नव्हते.

"इरा..."

तिने सावकाश त्याच्याकडे तोंड वळवले.

तिच्या कपाळावर गुलाल होता. आडवा. भरगच्च. तिरडीवर ठेवल्यावर लावतात तसा.

गोपाळच्या घरात गुलालाची पुडीसुद्धा नव्हती.