शेजारची ओळ

"डौवेनं माझं बियाणं बदललं," म्हातारा विब्रेन म्हणाला आणि त्यानं टोपी गुडघ्यावर ठेवली.

फ्रीसलँडमधल्या त्या शेतघरात माणसाचा आवाज फारसा होत नसावा, असं गोस्सेला वाटलं. गोस्से म्हणजे खाजगी गुप्तहेर फूक्ये विआर्दाचा दीर. गाडी चालवायची आणि चुकीचे अंदाज बांधायचे, ही त्याची कामं.

विब्रेननं बटाट्याचा नवा वाण काढला होता. बायको वारल्यावर त्याला तिचंच नाव दिलं होतं, येल्त्ये. घरच्या शेतात तो भरभरून यायचा. नवे वाण पारखायच्या चाचणीच्या शेतात मात्र दोन वर्षं नापास. आज तिसऱ्या वर्षीची काढणीही कमी भरली की कायमचा बाद.

"तिचं म्हणून तेवढंच उरलंय हो," म्हातारा फूक्येला म्हणाला.

डौवेही बटाट्याचे वाण काढायचा; दोघं त्याच्या घरी गेली, तर त्यानं दारातच उत्तर दिलं. "मी चोर? त्याच्या पोत्याला हातही लावला नाही मी! त्याला सांगा..." एवढं म्हणून त्यानं दार लावून घेतलं.

"वहिनी, घाबरला बघ! हाच तो," गाडीत गोस्से म्हणाला.

"तू गप गाडी चालव."

चाचणीच्या शेतात प्रत्येक वाणाची एकच ओळ होती. येल्त्येची बुटकी झाडं काढून झाली होती, बटाटे जागच्या जागी पडले होते. दोन्हीकडे डौवेचे वाण कमरेपर्यंत वाढून तिच्या ओळीवर ओणवले होते. त्यांत मधेच दोन ठिकाणी मोकळी जागा होती.

"रोगट झाडं जूनमध्येच उपटून टाकतो आम्ही," चाचणी बघणारी रिक्स्त म्हणाली.

"ओळी कोण ठरवतं?"

"चिठ्ठ्या टाकतो. फक्त या दोघांच्या नाही. आमच्या ओळी शेजारी-शेजारीच लावा, असा पहिल्या वर्षी विब्रेनकाकांचा हट्ट. जुने दोस्त ना! मला नाही म्हणवेना, मग तेच चालू राहिलं."

फूक्येनं विब्रेनला बोलावून घेतलं. "काका, हे बटाटे ओळखा."

"गुलाबी डोळे... येल्त्येच आहे ही," तो गोंधळला.

"म्हणजे बियाणं बदललेलं नाही. गोस्से, मोठे बटाटे कुठे पडलेत?"

"मोकळ्या जागांसमोर. बाकी सगळी चिल्लीपिल्ली."

"झालं तर! जिथे डौवेचं झाड उपटलं, तिथे येल्त्येला ऊन मिळालं, पाणी मिळालं, ती पोसली. बाकी ठिकाणी उंच शेजाऱ्यांनी सगळं ओढून घेतलं. घरी तिच्या शेजारी तीच असते, म्हणून पिकते. चोरी कुणीच केली नाही, काका. शेजार तुम्हीच मागून घेतलात."

रिक्स्त ओशाळली. "बाद नाही करत. पुढच्या वर्षी तीन-तीन ओळी लावते आणि मधल्याच ओळीचं पीक तोलते."

विब्रेनला आनंद व्हायला हवा होता. पण तो बांधावर जाऊन बसला. "अख्ख्या गावात त्याला चोर म्हणालो मी."

गोस्सेनं त्याला डौवेच्या दारी नेलं. विब्रेननं टोपी काढली. "चुकलो रे. बटाट्याचं सगळं सांगतो तुला..."

"खड्ड्यात गेला तुझा बटाटा!" डौवे ओरडला. "वर्षभर माझ्याशी कुणी बोललं नाही, विब्रेन. मी कसा राहिलो, ते विचार आधी."