परत न आलेली पावलं

माणूस दोन पायांवर उभा कधी राहिला, या एकाच प्रश्नापायी माधव करमरकर १९३१च्या माघात श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आला होता. मुंबईच्या कॉलेजात तो शरीरशास्त्र शिकवायचा. इथल्या एका गुहेत, दगड झालेल्या वाळूत पावलं उमटली आहेत, असं होडीवाल्या धर्माजी कोळ्यानं त्याला सांगितलं होतं. अमावास्येच्या ओहोटीलाच गुहेचं तोंड उघडं पडे.

उजाडताच ते पोचले. धर्माजीची बायको चंद्राबाई होडी सांभाळत बाहेर थांबली.

"बिगी या, मास्तर," ती म्हणाली. "आत काय तरी श्वास घेतंय."

दोघे अनवाणी, रांगत आत शिरले. पुढे छत उंचावलं. कंदिलाच्या उजेडात ओल्या भिंती हलल्यासारख्या वाटत होत्या, आणि खरोखरच आतून कुणीतरी संथपणे उसासत होतं!

मग ती पावलं दिसली. टाच खोल रुतलेली. अंगठा माकडासारखा फाकलेला नाही, बोटांना लागून. शेजारी एक चिमुकलं पाऊल चालत होतं. मध्येच ते नाहीसं झालं, आणि तिथून मोठ्या टाचा आणखी खोल गेल्या.

"पोराला उचलून घेतलं," माधव पुटपुटला.

"पन परत येनारी पावलं कुठं हायत?" धर्माजीनं विचारलं.

नव्हतीच!

माधवनं छिन्नी चालवली. चिमुकल्या पावलाचा तुकडा सुटला, तोच लाट आत घुसली. कंदील विझला. धर्माजी खडकावर आपटला. "पाय मोडला, मास्तर!"

तोंडाकडची वाट बुडाली होती. पाणी कमरेला आलं. एका हातात तो तुकडा, दुसऱ्या हातात धर्माजीचं मनगट. मनगट निसटू लागलं!

माधवनं तुकडा सोडून दिला.

धर्माजीला पाठीवर घेऊन तो काळोखात उभा राहिला. तळव्याला एक खळगा लागला. टाच टाचेत बसली. पुढे दुसरा खळगा. मग तिसरा. कुणीतरी पुढे चालत असावं तसा तो मागोमाग चढत गेला. उसासा जवळ आला, तोंडावर गार वारा लागला. वर कपारीतून उजेड झिरपत होता!

दोघे कड्यावर बाहेर पडले. खाली चंद्राबाई बुडालेल्या गुहेकडे बघून आकांत करत होती. खडे घरंगळले, तशी तिनं वर पाहिलं. उगवत्या सूर्यापुढे पाठीवर ओझं घेतलेली, वाकलेली एक काळी आकृती! तिनं वल्हं उगारलं.

"कोन हाय रं?"

माधवला धड श्वास घेता येईना.

"माणसं!" तो ओरडला. "माणसंच आहोत, चंद्राबाई!"