आतून सरकारी पाकीट

आशुतोष जिना चढून वर आला तेव्हा त्याचा फोन पोळ्या बांधायच्या चांदीच्या कागदात गुंडाळलेला होता. खुर्चीत टेकायच्या आधीच तो म्हणाला, "मॅडम, आधी तुमचे फोन बंद करा. दोघांचेही."

उज्वला रणपिसेंनी फोन बंद केला. धनाजीनेही केला, पण कुरकुरत, कारण त्याला कुस्तीचा निकाल बघायचा होता.

घणसोली गावात पिठाच्या गिरणीवर एक खोली, हेच उज्वलाबाईंचं खासगी तपासाचं ऑफिस. बाईंनी पंधरा वर्षं विम्याचे खोटे दावे पकडले आणि मग स्वतःचं काम सुरू केलं. धनाजी साताऱ्याकडचा. वाशीच्या मार्केटात पोती उचलून कंबर गेली, तेव्हा बाईंनी त्याला मदतनीस म्हणून ठेवून घेतलं. प्रत्येक प्रकरणात त्याचं एक ठाम मत असे. ते सहसा चुकत असे, पण म्हणून मत द्यायचं सोडणारा तो गडी नव्हता.

"सरकार माझ्यावर पाळत ठेवतंय," आशुतोष म्हणाला. "मी नेटवर काय शोधतो ते त्यांना कळतं. आणि कळलंय हेही ते मला कळवतात."

त्याने बॅगेतून दोन खाकी पाकिटं काढून टेबलावर ठेवली.

तो खारघरला राहायचा. बांधकाम कंपनीत नकाशे काढायचा. लग्नाला सहा वर्षं झालेली, बायको गीतांजली शाळेत शिक्षिका. दसऱ्याला नवा फोन घेतला आणि तिथून हे सुरू झालं, असं त्याचं म्हणणं. त्याने 'झोप न येण्याची कारणं' शोधली, तर चार दिवसांनी पोस्टाने पाकीट. आत वर्तमानपत्राचं कात्रण, 'शांत झोपेसाठी सात उपाय'. चिठ्ठी नाही, सही नाही. मग 'केस गळणे' शोधलं, तर केसांसाठी माक्याच्या तेलाचं कात्रण.

"सरकारला तुमच्या टकलाची काळजी?" धनाजीने विचारलं.

"तीच तर धमकी आहे, काका! बघा, आम्हाला सगळं माहितेय."

"तिसरं पाकीट?" बाईंनी विचारलं.

"ते जाळलं." त्याचे कान लाल झाले. "पर्सनल होतं. तेव्हापासून मी काही शोधत नाही. डॉक्टरकडे जायचं होतं, तिथंही गेलो नाही. तिथला कॉम्प्युटर तरी कुणाचा? एकदा नोंद झाली की जन्मभर राहणार. मला जगणं मुश्किल झालंय, मॅडम."

बाईंनी एक पाकीट कडेने अलगद उकललं आणि टेबलावर सपाट पसरलं. आतल्या बाजूला फिकट छपाई होती, 'शासन सेवार्थ'.

"बघितलंत?" आशुतोष पुटपुटला. "आतून सरकारी आहे."

"बाई, आता काय राह्यलं शोधायचं?" धनाजी म्हणाला. "शिक्काच हाय की."

"धनाजीराव, दुकानदार पाटी दुकानाच्या आत लावतो का?"

धनाजीला काही हा प्रश्न कळला नाही. त्याने पाकीट उचलून बघितलं आणि एकदम हात झटकला. पाकिटाच्या चिकटपट्टीवरची मुंगी त्याला कडकडून चावली होती.

"ही शोधाशोध कुठून केलीत?" बाईंनी विचारलं.

"झोपेचं घरून, वायफायवर. केसांचं पनवेलला साइटवर असताना, मोबाइलच्या डेटावर. तिसरं घरून. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मुद्दाम एक करून पाहिलं. तिथे कंपनीचाच आयडी असतो. 'सरकार पाळत कशी ठेवतं' असं शोधलं. त्याला उत्तर नाही आलं! बरोबर त्याच प्रश्नाला गप्प."

"पाकिटं बायकोला दाखवलीत?"

"छे! सोसायटीच्या पेटीतून मीच काढतो. तिला एकही दिसू दिलेलं नाही."

"ओळखीत कुणी सरकारी नोकरीतलं?"

"सासरे. सीवूड्सला असतात. आवक-जावकच्या टेबलावर रिटायर झाले. पण त्यांना यात नका ओढू. आमचं बोलणं म्हणजे 'बरे आहात ना?' 'हो, बरा आहे' एवढंच. फार मान देतात ते. त्यांच्यासमोर माझी शोभा नको."

तो गेल्यावर धनाजीने मत दिलं, "इंटरनेटवाला. वायर त्याची, म्हंजे कान बी त्याचाच."

खारघरच्या त्या सोसायटीला इंटरनेट देणारा मिथुन तिथल्याच जुन्या गावातला. शिडीवर चढून जोडण्या तपासत होता. बाईंचा प्रश्न ऐकून तो खाली उतरला.

"आमाला वायर दिसते, मॅडम. वायरीतून काय चाललंय ते नाय दिसत. कोन काय बगतो त्याचं मला काय करायचंय? दिवसाला चाळीस तक्रारी हायेत. तुमी सांगा, पाकिटं पाठवायला टाइम हाय कुठं?"

"यानंच केलंय," बाहेर पडताच धनाजी म्हणाला. "लई गोड बोलतोय."

"पनवेलला मोबाइलच्या डेटावर शोधलेलं याच्या वायरीतून कसं जाईल?"

धनाजीने कपाळावरचा घाम पुसला. ऊनही बरंच होतं.

गीतांजलीकडे ते दोघं इंटरनेटच्या तक्रारीच्या निमित्ताने गेले. तिने चहा केला, पण स्वतः घेतला नाही. "माझा मंगळवार आहे," ती म्हणाली. "कडक धरलाय. सासूबाई दर फोनला विचारतात, काही आहे का? डॉक्टर म्हणतात, तुमच्यात दोष नाही. मग आता देवालाच विचारायचं." ती हसली, पण ते हसू काही धनाजीला बघवेना. बशीतलं बिस्किट त्याने परत ठेवलं.

"आणि आशुतोषराव?"

"आशुतोषला काय झालंय कळत नाही. फोन चांदीच्या कागदात ठेवतो! नवा फोन लाभला नाही म्हणायचा. जुना बरा होता, तो बाबांना दिला. काही न पुसता, होता तस्साच. नात्यातले सगळे नंबर आयते मिळाले त्यांना, फोटोही."

"हो, आमच्याकडेही जुना फोन असाच मोठ्यांकडे जातो," बाई म्हणाल्या आणि कप खाली ठेवला.

संध्याकाळी ते सीवूड्सला श्यामसुंदरांकडे गेले. बायको गेल्यापासून ते एकटेच राहत होते. घर लखलखीत. बाईंनी आशुतोषचं नाव झाकून पाकीट पुढे केलं. "तुम्ही जाणकार. हे कुठल्या कचेरीचं असेल?"

म्हाताऱ्याने चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "कागद सरकारी आहे खरा. पण कुठल्याही कचेरीचा असू शकेल. सांगणं कठीण."

धनाजी भिंतीकडे बघत होता. फाटलेलं कॅलेंडर चिकटवून परत लावलं होतं, आणि मुंग्यांची एक ओळ भिंतीवरून चढत थेट त्या कॅलेंडरापर्यंत गेली होती. एवढ्या स्वच्छ घरात मुंग्या, त्याला जरा नवल वाटलं.

निघताना श्यामसुंदरांनी त्याच्या हातावर शेवेचा पुडा ठेवला, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेला. रिक्षात बसल्यावर अर्धी शेव धनाजीच्या मांडीवर सांडली.

"म्हातारा प्रेमळ, पण पुडा बांधायची अक्कल न्हाई," तो करवादला. "कागदाला मधेच चौकोनी भोक!"

उज्वलाबाईंनी तो कागद त्याच्याकडून मागून घेतला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला.

रविवारी सकाळी सगळे सीवूड्सच्या त्याच घरात जमले. आशुतोष खुर्चीच्या टोकावर बसला होता. गीतांजली आत चहा टाकत होती. बाईंनी दार जरासं लोटून घेतलं.

"आशुतोषराव, आधी जीव भांड्यात पडू दे. तुमच्यावर सरकार पाळत ठेवत नाहीये."

"पण तो शिक्का?"

"शिक्का आत होता, हेच महत्त्वाचं. सरकार आपलं नाव पाकिटाच्या बाहेर छापतं, कारण ते सगळ्यांना दिसावं असं त्याला वाटतं. ते आत कधी जातं? आलेलं पाकीट कुणी उकलून, उलटं करून पुन्हा चिकटवलं तर. कागद वाया जाऊ नये म्हणून असं करणारी माणसं आता कमी उरलीत. जुन्या कचेरीत आवक-जावक सांभाळलेली."

धनाजीच्या डोक्यात पहिल्यांदाच काहीतरी हललं. त्याने श्यामसुंदरांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते.

"चिकटवलं कशानं? धनाजीरावांना मुंगी चावली. दुकानातल्या गोंदाला मुंग्या अशा लागत नाहीत, घरी शिजवलेल्या कणकेच्या खळीला लागतात. या भिंतीवरचं कॅलेंडरही खळीनेच चिकटवलंय. आणि हा शेवेच्या पुड्याचा कागद." त्यांनी घडी उलगडून दुसरं कात्रण त्या चौकोनी भोकावर ठेवलं. माक्याचं तेल अचूक आपल्या जागी बसलं.

"पण बाई," धनाजी म्हणाला, "यांना कळलं कसं?"

"घरचं वायफाय असो की पनवेलचा डेटा, पत्र आलं. ऑफिसच्या आयडीवर शोधलं, तेव्हा नाही आलं. म्हणजे बघणारा वायरीवर नव्हता, आशुतोषरावांच्या खात्यावर होता. ते खातं अजून एका फोनमध्ये उघडंच होतं. दसऱ्याला नवा फोन आला, तेव्हा जुना काही न पुसता इथे आला. गीतांजलींनी मला सहज सांगितलं. आणि ही पाकिटं तुम्ही त्यांना एकदा दाखवली असती, तर वडिलांचं अक्षर त्यांनी दारातच ओळखलं असतं."

आशुतोष सासऱ्यांकडे बघत राहिला. मग त्याने तोंडावरून हात फिरवला आणि एवढा मोठा श्वास सोडला की धनाजीलाही बरं वाटलं. दोन महिन्यांचं ओझं उतरलं होतं.

"चुकलं माझं," श्यामसुंदर हळूच म्हणाले. "काही शोधायला बोट ठेवलं की खाली तुमचे प्रश्न यायचे, आशुतोषराव. वाचू नये हे कळत होतं, पण वाचलं. झोपेचं वाचलं नि काळजी वाटली. पण जावयाला विचारायचं कसं? लाज तुम्हालाही वाटली असती, मलाही. मग नाव न घालता पाठवलं. तुम्ही घाबराल हे मनातही आलं नाही."

"आणि तिसरं?" आशुतोषने विचारलं.

"तिसरं वाचून मी रात्रभर बसून होतो." म्हाताऱ्याने चष्मा काढला. "गीतू आम्हाला नऊ वर्षांनी झाली. दोष माझ्यात होता. डॉक्टरांनी मला एकट्याला सांगितलं, आणि मी ते घरी आणलंच नाही. औषधं चोरून घेतली. तिची आई नऊ वर्षं लोकांचं ऐकून घेत राहिली, उपास करत राहिली. गेली तोवर तिला कळलं नाही. माझ्याकडून झालं ते तुमच्याकडून होऊ नये, एवढंच मला सांगायचं होतं. सांगता आलं नाही, म्हणून डॉक्टरांच्या मुलाखतीचं कात्रण पाठवलं."

लोटलेलं दार केव्हाच उघडलं होतं. गीतांजली चहाचा ट्रे हातात घेऊन उभी होती, आणि तिने सगळं ऐकलं होतं.

आशुतोष उठला. "गीतांजली, माझा रिपोर्ट खराब आहे. तुझ्यात काहीच नाही. मला मार्चपासून माहीत आहे."

तिने ट्रे खाली ठेवला. "मार्चपासून? आणि मी पाणीसुद्धा न पिता मंगळवार करतेय!" तिने त्याच्या दंडावर एक सणसणीत चापट मारली. मग तीच रडायला लागली, आणि रडता रडता हसायला. "वेड्या, एवढंच होतं? मला वाटलं, तुला मी नकोशी झालेय. फोन लपवतोस, बोलत नाहीस."

मग ती वडिलांजवळ जाऊन बसली. "आई दोन दिवस बोलली नसती तुमच्याशी. तिसऱ्या दिवशी तिनेच तुम्हाला औषधं काढून दिली असती."

श्यामसुंदरांनी नुसती मान हलवली. धनाजीने डोळे पुसले आणि चहात साखर कमी असल्याचं निमित्त काढून तो आत गेला. त्याला फार हलकं वाटत होतं, जणू चोरी त्याचीच पकडली गेली होती आणि माफही झाली होती.

तो परत आला तेव्हा आशुतोष दवाखान्यात फोन करत होता, सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात. पलीकडच्या बाईने नाव विचारलं, वय विचारलं, मग बरोबर कोण येणार ते विचारलं.

गीतांजलीने फोन त्याच्या हातातून घेतला. "मी येणार. बायको. लिहून घ्या."

वेळ गुरुवारची मिळाली. तरी श्यामसुंदर तेव्हाच उठले आणि दाराशी जाऊन चपला शोधू लागले.